शून्याला चिकटलेले विशेषण

मराठी समीक्षेत काही शब्द पाहुणे म्हणून येतात आणि घरजावई होऊन राहतात. भौतिकशास्त्राच्या घरून आलेल्या अशा शब्दांत 'निरपेक्ष शून्य' हा एक. कवितेची शेवटची ओळ अर्धवट सुटली, कादंबरीच्या नायकाने बोलणे टाकले, नाटकाच्या अखेरीस रंगमंचावर कोणी हलेनासे झाले, की आपण लिहून मोकळे होतो : 'येथे भाषा निरपेक्ष शून्याला पोहोचते.' वाक्य कानाला बरे लागते. त्यात थंडी आहे, स्तब्धता आहे, शेवट आहे आणि वर शास्त्राचा शिक्का आहे. चर्चासत्रांतल्या निबंधांतून ते वर्गात उतरते, वर्गातून टिपणांत आणि टिपणांतून उत्तरपत्रिकांत.

आम्ही स्वतः हे वाक्य बरीच वर्षे शिकवले, हे आधीच सांगून टाकलेले बरे. एका वर्षी पदव्युत्तर वर्गात भौतिकशास्त्राची पदवी घेऊन मराठीकडे वळलेली एक विद्यार्थिनी होती. तास संपता संपता तिने विचारले, "सर, पोहोचते म्हणजे? तिथं कुणीच पोहोचत नाही. आणि पोहोचलं, हे मोजायचं कशानं?" आम्ही 'रूपक आहे ते' असे म्हणून पुस्तके आवरली. रूपक होते हे खरेच. पण ज्या वस्तूचे रूपक करायचे ती वस्तूच आपल्याला ठाऊक नसेल तर रूपक नेमके कशाचे झाले, हा प्रश्न घरापर्यंत मागे आला. पुढे काही वर्षे, साहित्याच्या माणसाला झेपेल तेवढे, या विषयावर वाचत गेलो. त्या वाचनातून बनलेले मत येथे मांडतो आहोत. मत असे की 'निरपेक्ष' हे विशेषण मुळात त्या शून्याचे नाही, ते मोजपट्टीचे आहे. शून्याला ते मागाहून चिकटले. आणि चिकटल्यावर आपण त्याचा अर्थ 'संपूर्ण', 'निःशेष', 'ज्याच्यापुढे काही उरत नाही असे' असा करून घेतला.

जुनी शून्ये कशी होती ते आधी पाहावे. फॅरनहाइटने १७२४ साली आपल्या मापाचे शून्य बर्फ, पाणी आणि नवसागर यांच्या मिश्रणाच्या थंडीवर ठेवले. सेल्सिअसने १७४२ साली पाण्याचे गोठणे आणि उकळणे ही दोन टोके धरली. पण त्याच्या मूळ मापात उकळते पाणी शून्यावर होते आणि गोठते पाणी शंभरावर. ती उलटापालट नंतर झाली. म्हणजे ही शून्ये भिंतीवर सोयीच्या उंचीवर ठोकलेल्या खुंट्या होत्या. खुंटी वर-खाली केल्याने भिंतीचे काही बिघडत नाही.

अडचण शून्याची कमी आणि अंशांची जास्त होती. एक तापमापी पाऱ्याची घ्या, एक हवेची घ्या. गोठत्या पाण्यात दोघी शून्य दाखवतील, उकळत्या पाण्यात दोघी शंभर. मधल्या वाटेवर मात्र त्यांच्यात किंचित तफावत पडते आणि शंभराच्या पुढे ती वाढत जाते. पारा म्हणतो, मी सारख्या पावलांनी फुगलो. हवाही तेच म्हणते. खरे कोण, हे ठरवायला तिसरी तापमापी हवी, आणि तीही कशाची तरी बनलेलीच असणार. दोन टीकाकारांचा वाद मिटवायला तिसरा बोलावला, तर तोही कुठल्या तरी परंपरेत वाढलेला निघतो. हा पेच आपल्या वाचकांना नवा नाही. पॅरिसमध्ये आंरी व्हिक्तोर रेन्यो याने याच पेचापायी कित्येक वर्षे तापमाप्या एकमेकींशी ताडून पाहण्यात घालवली. १८४५ साली त्याच्या प्रयोगशाळेत काही महिने विल्यम टॉमसन नावाचा एक तरुण काम करून गेला.

थंडीला तळ असावा ही कल्पना त्याच्याही आधीची, जवळजवळ दीडशे वर्षांपूर्वीची. फ्रान्समधल्या गियोम आमोन्ताँ याने १७०२ च्या सुमारास पाहिले की कोंडलेली हवा थंड केली की तिचा दाब ठरावीक प्रमाणात घटतो. ही घट अशीच चालू राहिली तर कुठे तरी दाब संपेल. आणि काहीच नसण्यापेक्षा कमी दाब असू शकत नाही, म्हणून थंडीही तेथे संपली पाहिजे. त्याच्या आकड्यांवरून हा तळ आजच्या मापाने उणे २४० अंश सेल्सिअसच्या आसपास येतो. पुढे मोजमाप सुधारत गेले आणि रेघ उणे २७३ जवळ येऊन टेकली. 'रेघ' हा शब्द आम्ही जाणून वापरतो आहोत. प्रत्यक्ष मोजलेले बिंदू सगळे वरच्या बाजूला, माणसाच्या वस्तीच्या उबेत. तळाचा बिंदू कागदावर रेघ लांबवून मिळालेला. हवा तर त्या तळाच्या ऐंशीएक अंश वरच द्रव होऊन जाते आणि द्रवाला वायूचा नियम लागू पडत नाही. ज्या साक्षीदाराच्या तोंडून हे शून्य आपल्याला कळले, तो साक्षीदार तेथवर कधी गेलेलाच नव्हता.

आता टॉमसन. १८४८ साली, जेमतेम चोवीस वर्षांचा असताना, ग्लासगोच्या या प्राध्यापकाने एक निबंध लिहिला. त्याची तक्रार अशी होती की आपले तापमान कुठल्या ना कुठल्या पदार्थाच्या स्वभावावर टेकलेले आहे. पारा, मद्यार्क, हवा यांपैकी कोणाचा तरी हात धरल्याशिवाय आपल्याला 'अंश' म्हणताच येत नाही. यातून सुटायची वाट त्याला सादी कार्नोच्या १८२४ च्या विवेचनात दिसली. उष्णतेवर चालणारे आदर्श यंत्र दोन तापमानांच्या मध्ये जास्तीत जास्त किती काम देईल, हे त्या यंत्रात वाफ भरली आहे, हवा भरली आहे की आणखी काही, यावर मुळीच अवलंबून नसते. मग त्या कामावरूनच अंश का ठरवू नयेत? असे ठरवलेले माप कोणत्याही पदार्थाची अपेक्षा करणार नाही. त्याने त्या मापाला निरपेक्ष म्हटले ते एवढ्याच अर्थाने : पदार्थनिरपेक्ष.

पुढची गोष्ट तर आम्हाला या सगळ्या इतिहासातली सर्वांत बोलकी वाटते. टॉमसनच्या १८४८ च्या त्या पहिल्या मापात थंडीचा तळ शून्यावर नव्हताच. तो अनंत अंश खाली होता. हवेच्या तापमापीवर जे उणे २७३, ते त्याच्या मापावर अनंत थंडी, असे त्याने स्वतःच नोंदवले आहे. पुढे जूलबरोबर काम केल्यावर, १८५४ साली, त्याने मापाची व्याख्या बदलली आणि आज आपण वापरतो ते माप आले, ज्याच्या तळाशी शून्य आहे. म्हणजे मधली सहा वर्षे निरपेक्ष माप होते आणि निरपेक्ष शून्य नव्हते. विशेषण आधी जन्मले, विशेष्य मागाहून आले. व्याकरण शिकवणाऱ्यांना याहून चांगला पुरावा कोणता द्यावा?

(टॉमसनला १८९२ साली सरदारकी मिळाली तेव्हा त्याने नाव घेतले ते ग्लासगोच्या विद्यापीठाजवळून वाहणाऱ्या केल्विन या लहानशा नदीचे. जगातली सगळी थंडी आज एका नदीच्या नावाने मोजली जाते. १९६७ पासून त्या नावाला 'अंश' जोडत नाहीत. 'चार केल्विन' एवढेच म्हणायचे.)

आपल्या परिभाषेत या कल्पनेला दोन शब्द आहेत : कोणी 'निरपेक्ष शून्य' म्हणतात, कोणी 'केवल शून्य'. आमचा कौल पहिल्याला. 'केवल' म्हटले की मनात केवलज्ञान येते, कैवल्य येते, आणि शून्य लगेच अध्यात्माच्या बैठकीवर जाऊन बसते. 'निरपेक्ष'मध्ये 'अपेक्षा' शाबूत आहे. कशाची, असा प्रश्न विचारता येतो. तो आपण विचारत नाही, हा दोष शब्दाचा नाही.

टॉमसनने कागदावर पदार्थाचा हात सोडवला खरा, पण प्रयोगशाळेत तापमापी कशाची तरी करावीच लागते. थंडी मोजण्याचा सगळा इतिहास हा अशा एकेका साक्षीदाराने मध्येच साथ सोडण्याचा इतिहास आहे.

लंडनच्या रॉयल इन्स्टिट्यूशनमध्ये जेम्स ड्यूअरने १० मे १८९८ रोजी हायड्रोजन द्रवरूपात आणला. त्याने तापमान मोजले ते प्लॅटिनमच्या तारेने. तार थंड होते तसा तिचा विद्युत्-रोध ठरावीक प्रमाणात घटतो, आणि द्रव हवेच्या तापमानापर्यंत ही तार विश्वासू ठरली होती. तिने सांगितले की उकळता हायड्रोजन शून्याच्या वर सुमारे ३५ अंशांवर आहे. मागाहून वायूच्या तापमापीने पाहिले तर तो होता विसाच्या आसपास. तार बिघडलेली नव्हती. एका थंडीनंतर प्लॅटिनमचा रोध त्या प्रमाणात घटेनासा होतो, एवढेच. तारेची सवय बदलली होती आणि वाचणारा जुन्याच सवयीने तिला वाचत होता. पंधरा अंशांचा फरक येथे फार मोठा, कारण उरलेली वाटच मुळी वीस अंशांची होती. ड्यूअरचे नाव आपल्याला माहीत नसले तरी त्याची वस्तू आपल्या घरी आहे : थंड द्रव टिकवण्यासाठी १८९२ साली त्याने केलेले दुहेरी भिंतींचे निर्वात भांडे म्हणजेच आपला थर्मास. त्याचे एकस्व त्याने घेतले नव्हते.

उरला हेलियम. याच्या जन्मकथेत आपला कोकण येतो, म्हणून थोडे थांबू. विजयदुर्गाच्या किल्ल्यात 'साहेबाचे ओटे' दाखवतात आणि १८ ऑगस्ट १८६८ च्या खग्रास सूर्यग्रहणात लॉकियरने तेथून हेलियम शोधला, असे सांगतात. त्या तारखेला हेलियम दिवसही साजरा होतो. ग्रहण खरे, पण नॉर्मन लॉकियर त्या दिवशी हिंदुस्थानात नव्हता. फ्रेंच ज्योतिर्विद जान्सेन गुंटूरला होता. लॉकियरने सूर्याच्या कडेचा वर्णपट ग्रहणाविना पाहिला तो ऑक्टोबरात, इंग्लंडातून. सोडियमच्या रेषांशेजारची ती पिवळी रेषा कोणत्याच ओळखीच्या मूलद्रव्याची ठरेना, तेव्हा सूर्याच्या ग्रीक नावावरून तिला नाव मिळाले. १८९५ साली रॅम्झेला हा वायू पृथ्वीवरच्या एका खनिजात सापडला. ओटे तेथे जरूर असोत, मुलांनी ते जरूर पाहावेत. फक्त साहेबाला तेथे बसवू नये.

नेदरलँड्समधल्या लायडन येथे हाइके कामरलिंग ओन्नेस याने १० जुलै १९०८ रोजी हा हेलियम द्रवरूपात आणला. मोजण्यातून ज्ञानाकडे, हे ब्रीद त्याने १८८२ च्या आपल्या पहिल्याच व्याख्यानात सांगून ठेवले होते. मोनाझाइटच्या वाळूतून हेलियम वायू काढून, शुद्ध करून साठवलेला होता. वाळू मिळवून दिली होती त्याच्या भावाने. काम सुरू झाले पहाटे पावणेसहाला. आधी द्रव हवा, तिच्या मदतीने वीस लिटर द्रव हायड्रोजन, आणि त्याच्या मदतीने हेलियम, अशी उतरंड. दुपार गेली. संध्याकाळी हेलियम यंत्रातून फिरू लागला. काचेच्या भांड्यात वायूची तापमापी होती, तीही हेलियमचीच. तापमान उतरत गेले, मध्ये चढले, पुन्हा उतरले आणि पाच केल्विनच्या खाली एका जागी अडून बसले. द्रव हायड्रोजनचा साठा संपत आलेला. भांड्यात डोळ्यांना काही दिसेना. प्रयोग फसला असेच वाटू लागले होते.

त्या वेळी रसायनशास्त्राचा प्राध्यापक श्राइनमाकर्स डोकावायला आला होता. तो म्हणाला, तापमापी अशी अडली आहे जणू ती एखाद्या द्रवात उभी आहे; खालून उजेड टाकून पाहा. उजेड टाकला आणि भांड्यात द्रवाची पातळी दिसली. हेलियम केव्हाच द्रव झालेला होता, जवळजवळ साठ घनसेंटिमीटर, ४.२ केल्विनवर. तो इतका पारदर्शक आणि प्रकाशाच्या बाबतीत वायूशी इतका मिळताजुळता, की समोर असून कोणाला दिसला नव्हता.

ही हकिकत आम्ही वर्गात पुनःपुन्हा सांगतो. तापमापीने आपले काम चोख केले होते. तिचे अडणे हेच उत्तर होते. ते 'वाचले' एका पाहुण्याने. आकडा पुढे सरकत नाही याचा अर्थ यंत्र बिघडले, असाही होऊ शकला असता, आणि दिवसभर राबलेल्या माणसांना तोच अर्थ सुचत होता.

पुढे १९११ साली, ८ एप्रिलला, याच प्रयोगशाळेत ४.२ केल्विनच्या किंचित खाली पाऱ्याचा विद्युत्-रोध एकाएकी नाहीसा झाला. अतिसंवाहकता ती हीच. तिची कथा स्वतंत्र आहे. येथे तापमापीच्या अंगाने एवढेच म्हणू की रोध पाहून थंडी ओळखणाऱ्यासाठी आणखी एक साक्षीदार एका क्षणात मुका झाला.

द्रव हेलियमवरची वाफ पंपाने ओढून घेतली की तो आणखी थंड होतो, आणि त्या वाफेचा दाब हीच काही काळ तापमापी होते. पण एका केल्विनच्या खाली दाब इतका क्षीण होतो की मोजण्यासारखे फारसे उरत नाही. तेव्हा चुंबक मदतीला आले. काही क्षारांचे अणू लहान चुंबकांसारखे वागतात. थंडीत, प्रबळ चुंबकीय क्षेत्रात, ते रांगेत उभे राहतात. क्षेत्र काढले की रांग मोडते, आणि रांग मोडायला लागणारी उष्णता ते स्वतःतूनच घेतात. म्हणून क्षार थंड होतो. ही युक्ती डेबाय आणि जिओक यांनी १९२६-२७ च्या सुमारास स्वतंत्रपणे सुचवली आणि १९३३ साली बर्कली येथे जिओक व मॅकडूगल यांनी तिच्या बळावर ०.२५ केल्विन गाठले. थंडी आली, पण ती मोजायची कशाने? त्याच क्षाराच्या चुंबकीय वृत्तीने. थंडी वाढते तशी ती वृत्ती एका साध्या नियमाने वाढते. नियम खरा धरून तापमान काढायचे. मात्र अगदी खाली हा नियमही ढळतो, हे भौतिकशास्त्रज्ञांना माहीत होते. म्हणून अशा रीतीने मिळालेल्या तापमानाच्या अक्षरावर ते एक तारा काढत : हे 'चुंबकीय तापमान' आहे, खरे तापमान यावरून अजून काढायचे आहे. आकड्याच्या डोक्यावर छापलेली ही कबुली आम्हाला फार आवडते. आपल्या 'श्रेष्ठ', 'अस्सल', 'अभिजात' या शब्दांवर कोणी कधी तारा काढला आहे काय?

आणखी खाली गेले की 'तापमान कोणाचे?' असा प्रश्न उभा राहतो. हेलसिंकीच्या प्रयोगशाळेत १९९९ च्या सुमारास ऱ्होडियम धातूत १०० पिकोकेल्विन, म्हणजे केल्विनचा दहा अब्जांवा भाग, एवढी थंडी नोंदली गेली. पण ती त्या धातूच्या अणुकेंद्रांच्या चुंबकीय दिशांची थंडी होती. त्याच तुकड्यातले इलेक्ट्रॉन तिच्या मानाने कितीतरी उष्ण होते. एकाच वस्तूत दोन तापमाने, आणि दोन्ही खरी. मुंबईत, टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, अतिशुद्ध बिस्मथ ०.५३ मिलिकेल्विनच्या खाली अतिसंवाहक होतो हे दाखवणारे काम २०१७ साली प्रसिद्ध झाले. त्या आकड्याचे महत्त्व असे की तेथे केवळ थंडी करून भागत नाही; बिस्मथचा स्फटिक, त्याला जोडलेला धातू आणि थंडी सांगणारी तापमापी हे सगळे एकाच थंडीत आहेत, अशी खात्री देता आली पाहिजे. एक मिलिकेल्विनच्या खाली वस्तू एकमेकींना उष्णता देण्याघेण्याच्या बाबतीत फार कंजूष होतात.

अणूंच्या विरळ ढगात तर तापमापी घालताच येत नाही. ती घातली की ढग संपला. कोलोराडोतील बोल्डर येथे कॉर्नेल आणि वीमन यांनी ५ जून १९९५ रोजी रुबिडियमचे सुमारे दोन हजार अणू १७० नॅनोकेल्विनच्या आसपास नेऊन एकाच पुंजस्थितीत आणले. अशा ढगाचे तापमान मोजायची पद्धत अशी : त्याला धरून ठेवणारे क्षेत्र बंद करायचे, ढग पसरू द्यायचा आणि थोड्या वेळाने त्याच्या सावलीचे छायाचित्र घ्यायचे. जितका कमी पसरला तितका थंड. मोजले की ढग गेला. पुढच्या मोजणीसाठी नवा ढग. २०२१ साली जर्मनीतील ब्रेमेनच्या उंच मनोऱ्यातून असा ढग पडू देऊन, पसरण्याचा वेग लगाम घालून कमी करत, ३८ पिकोकेल्विन इतका खाली आणला गेला. तुलनेसाठी सांगतो : ग्रहताऱ्यांमधल्या मोकळ्या अवकाशात विश्वाच्या आरंभापासून उरलेली ऊब २.७ केल्विनची आहे. मनोऱ्यात दोन सेकंद टिकलेली थंडी त्या अवकाशाच्या कित्येक अब्ज पट खालची.

या अवस्थेमागची कल्पना सत्येंद्रनाथ बोस यांच्या १९२४ च्या निबंधातून निघाली. ढाक्याहून इंग्रजीत पाठवलेला तो निबंध आइन्स्टाइनने स्वतः जर्मनमध्ये अनुवादित करून छापवला आणि मग त्याचा पुढचा विस्तार केला. अनुवादाला दुय्यम काम मानणाऱ्या आमच्या काही मित्रांसाठी ही नोंद.

राहिली स्तब्धता. 'निरपेक्ष शून्यावर सर्व हालचाल थांबते' हे वाक्य शालेय पुस्तकांतून आपल्या मनात बसले आहे, आणि समीक्षेतले रूपक मुख्यतः त्याच्यावरच उभे आहे. पुंजयामिकी असे म्हणत नाही. काढून घेण्यासारखी सगळी ऊर्जा काढून घेतली तरी अणूंकडे थोडी ऊर्जा उरते, जी कोणालाच काढता येत नाही. हेलियममध्ये हे डोळ्यांना दिसते. त्याचे अणू हलके आणि एकमेकांबद्दल उदासीन; उरलेल्या त्या हालचालीमुळे ते कितीही थंडीत साध्या दाबाखाली गोठतच नाहीत. कीसोमने १९२६ साली लायडनमध्ये हेलियम गोठवला तो दाब देऊन. अगदी तळाशीही सुमारे पंचवीस वातावरणांइतका दाब लागतो. एवढेच नाही. २.१७ केल्विनच्या खाली हेलियम वाहताना घर्षणच विसरतो, असे १९३८ साली मॉस्कोत कापित्झाला आणि केंब्रिजमध्ये ॲलन व माइझनर यांना आढळले. पेल्यात ठेवला तर तो पातळ पापुद्र्याने आतल्या भिंतीवर चढतो, काठ ओलांडतो आणि बाहेरून थेंबाथेंबाने गळतो. मौनाची प्रतिमा शोधायला गेलेल्या समीक्षकाला तळघरात भेटतो तो हा भांड्यातून पळ काढणारा द्रव.

आणि पोहोचण्याबद्दल त्या विद्यार्थिनीचे म्हणणे तर सरळच बरोबर होते. वाल्टर नर्न्स्टने १९१२ साली मांडलेल्या तत्त्वाप्रमाणे मोजक्या पायऱ्यांत शून्य गाठता येत नाही. शून्य जवळ येते तशी प्रत्येक पायरीची कमाई घटत जाते. या तत्त्वाला काटेकोर सिद्धता देणारा मासानेस आणि ओपनहाइम यांचा निबंध २०१७ साली आला. काही व्यवस्थांना उणे निरपेक्ष तापमान असते हेही खरे. १९५१ साली पर्सेल आणि पाउंड यांनी ते दाखवले. पण उणे असले तरी त्या व्यवस्था कोणत्याही अधिक तापमानाच्या वस्तूपेक्षा उष्ण असतात, शून्याखाली नसतात. शून्य ओलांडून तेथे जाण्याची वाट नाही.

कोणी म्हणेल, रूपकाची एवढी झडती कशासाठी? कवीने हा शब्द वापरला तर आमची काही हरकत नाही. कवीला हेलियमचा उत्कलनबिंदू विचारू नये. समीक्षकाचे तसे नाही. 'भाषा निरपेक्ष शून्याला पोहोचते' हे वाक्य प्रतिमेचे सोंग घेऊन मोजमाप सांगते. या कवितेत शब्द किती उरले, अर्थ किती उरला, याचा तो निकाल आहे, आणि 'निरपेक्ष' या विशेषणाने तो अपिलाच्या पलीकडे नेऊन ठेवला आहे. हा निकाल कोणत्या तापमापीने काढला, हे मात्र त्यात कोठेच नसते. वाचणाऱ्याच्या कानाने? छंदाच्या मोजणीने? त्याच कवीच्या आधीच्या कवितांशी ताडून? ज्या कवितेला आम्ही वर्षानुवर्षे हे वाक्य लावत होतो ती पुन्हा वाचली तेव्हा तिच्या शेवटच्या चार ओळींत आम्हाला दोन क्रियापदे चालू वर्तमानकाळात सापडली. ती आधीही तेथे होतीच. उजेड खालून टाकलेला नव्हता.

टॉमसनची इच्छा कागदावर पुरी व्हायला १७१ वर्षे लागली. १९५४ पासून केल्विनची व्याख्या पाण्यावर टेकलेली होती : बर्फ, पाणी आणि वाफ एकत्र नांदतात ते तापमान २७३.१६ केल्विन मानायचे. २० मे २०१९ पासून पाणीही सुटले. आता बोल्ट्झमन स्थिरांकाची किंमत, १.३८०६४९ गुणिले दहाचा उणे तेविसावा घात, इतके जूल दर केल्विनला, अशी कायमची ठरवून टाकली आहे आणि केल्विन तिच्यावरून निघतो. व्याख्येत आता कोणताही पदार्थ नाही. प्रयोगशाळेतल्या तापमाप्या मात्र आजही बहुतेक ठिकाणी १९९० च्या आंतरराष्ट्रीय मापाप्रमाणे, हायड्रोजन, निऑन, ऑक्सिजन, अरगॉन, पारा आणि पाणी यांच्या ठरलेल्या बिंदूंवर ताडून घेतात, आणि ते माप ०.६५ केल्विनच्या खाली जात नाही. त्याच्या खाली, सुमारे ०.९ मिलिकेल्विनपर्यंत, हेलियम-३ किती दाबाला गोठतो यावर बसवलेले २००० सालचे एक वेगळे माप आहे, आणि त्याला अधिकृतपणे 'तात्पुरते' असेच म्हणतात.

यंदाच्या उत्तरपत्रिकांत ते वाक्य पुन्हा आले. एकात नाही, तिघांच्या. आम्ही तिन्ही ठिकाणी समासात 'कशाने मोजले?' असे लिहिले. गुण कापले नाहीत, कारण शब्दरचना ओळखीची होती. ती आमच्याच जुन्या टिपणांतली, अजून कुठल्या तरी झेरॉक्सच्या दुकानात विकली जात असावी.